सेवकाचा योगक्षेम

संस्कृतांत ‘मानधन’ हें विशेषण आहे. मान हेंच ज्याचें धन, अशा पुरुषास तें लावीत असत. मराठींत आल्यावर त्याचें नाम झालें, आणि त्याचा अर्थ आतां एक लहानशी रक्कम असा होतो: वेतन म्हणण्याइतकी मोठी नव्हे, दक्षिणा म्हणण्याइतकी लहान नव्हे. पहिल्या अर्थांत मान हा घेणाराच्या स्वभावाचा गुण आहे. दुसऱ्या अर्थांत तो देणाराच्या हिशेबांतील एक रकाना आहे. घेणारा धनापेक्षां मानास अधिक लेखतो, ही त्याची थोरवी. परंतु तो तसें लेखतो एवढ्यावरून देणारानें धनाचा भाग कमी करून मानाचा वाढवावा, हें कोणत्या न्यायानें? एका शब्दाच्या दोन अर्थांमधील हें अंतर क्षुल्लक दिसतें खरें. पण स्वेच्छेनें सेवा करणारा मनुष्य आणि त्यास सेवेवर पाठविणारें राज्य यांचा परस्परसंबंध काय असावा, हा सगळा प्रश्न त्या अंतरांत येऊन बसला आहे, असें आम्हांस वाटतें.

स्वदेशीं सेवा करणाऱ्यांच्या बाबतींतहि हा प्रश्न आहेच. पण तेथें आप्त असतात, शेजार असतो, दुखण्यांत आपली भाषा समजणारा वैद्य असतो. जो मनुष्य आपल्या राज्याच्या नांवानें परक्या देशांत दोन वर्षें राहावयास जातो, पगार घेत नाहीं, आणि तेथील पाणी पिऊन, तेथील डांस सोसून, तेथील रस्त्यांवरून प्रवास करून परत येतो, त्याच्या ठिकाणीं हा प्रश्न उघडा पडतो. अमेरिकेनें अशा लोकांचें ‘पीस कोअर’ नांवाचें जें दल उभारलें, त्याचा साठ वर्षांहून अधिक काळाचा अनुभव जगापुढें आहे. तेव्हां नुसत्या तत्त्वाच्या हवेंत न तरंगतां त्या अनुभवाच्या आधारानें विचार करणें बरें.

अध्यक्ष केनेडी यांनीं १ मार्च १९६१ रोजीं हुकूम काढून हें दल स्थापिलें, आणि त्याच वर्षीं २२ सप्टेंबरला त्यास कायद्याचें रूप मिळालें. स्वयंसेवकानें सुमारें तीन महिने शिकावें, मग दोन वर्षें नेमलेल्या गांवीं राहून शाळा, दवाखाना, शेती, पाणीपुरवठा असल्या कामांत हातभार लावावा; त्यास स्थानिक लोकांप्रमाणें राहण्यापुरता खर्च मिळावा; आणि परतल्यावर घडी पुन्हां बसवितां यावी म्हणून दरमहा ७५ डॉलर त्याच्या नांवें बाजूस टाकीत जावे, अशी आरंभीची व्यवस्था होती. ही बाजूस टाकण्याची रक्कम पुढें वाढत गेली. अलीकडे पूर्ण मुदत भरणारास १०,००० डॉलरांहून थोडी अधिक रक्कम हातीं येते. अमेरिकेंतील राहणीच्या मानानें सव्वादोन वर्षांच्या शेवटीं मिळणारी ही रक्कम म्हणजे श्रीमंती नव्हे, हें सांगावयास नको. भारतांतहि हें दल १९६१ पासून १९७६ पर्यंत होतें. मुंबईच्या विक्रोळींत, गोदरेजच्या वसाहतींतील दवाखान्यांत काम करण्यास १९६६ सालीं अडुसष्ट वर्षांच्या एक परिचारिका येऊन राहिल्या होत्या. लिलियन कार्टर हें त्यांचें नांव. त्यांचे चिरंजीव पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले, पण त्या वेळीं त्या गोष्टीची कोणास कल्पना असण्याचें कारण नव्हतें. ज्या वयांत आपल्याकडे काशीयात्रेची भाषा सुरू होते त्या वयांत या बाई औषधांच्या बाटल्या मोजावयास विक्रोळीस आल्या, एवढेंच त्या वेळचें सत्य होतें.

आतां अशा माणसाचें कायद्यांतील स्थान काय? येथें मोठी मौज आहे. कायदा स्पष्ट सांगतो कीं, ज्या ज्या बाबतींत तसें मुद्दाम लिहिलें असेल त्या वगळतां स्वयंसेवक हा सरकारचा नोकर समजावयाचा नाहीं. नोकर नाहीं म्हणून पगार नाहीं, आणि पगाराबरोबर चालत येणारे नोकराचे इतर हक्कहि नाहींत. परंतु तो आजारी पडला, जायबंदी झाला, तर पुढें काय, हा प्रश्न निघतांच तोच कायदा दुसरी भाषा बोलूं लागतो. सरकारी नोकरांस कामावर इजा झाल्यास भरपाई देणारा कायदा तेथें १९१६ पासून आहे; त्यापुरता स्वयंसेवक हा नोकर मानला जातो. त्यास पगारच नसल्यामुळें भरपाई कशावर मोजावी अशी अडचण येते, म्हणून सरकारी श्रेणींपैकीं सातव्या श्रेणीचा पगार त्यास मिळत होता असें गृहीत धरावयाचें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, परदेशांत असतांना त्यास जी इजा होईल ती कामामुळेंच झाली असें समजावयाचें. मग ती शाळेंत होवो, बाजारांत होवो, कीं रात्रीं निजलेला असतांना होवो. ती त्यानें जाणूनबुजून ओढवून घेतलेली, गैरवर्तनानें आलेली किंवा नशेंत झालेली नसावी, इतकेच काय ते अपवाद. जो कधींच नोकर नव्हता तो, दुखावला गेला कीं, अष्टौप्रहर नोकरीवर होता असें ठरतें!

तर्कशास्त्र शिकलेल्यास हें हास्यास्पद वाटेल. आम्हांस तें न्यायशास्त्रांतील एक शहाणपणाचें कल्पित वाटतें. कारकून पांच वाजतां कचेरींतून सुटतो आणि मग त्याचें पाऊल घसरलें तर तें त्याचें स्वतःचें असतें. परंतु ज्यास ‘तेथें जाऊन राहा’ एवढेंच मुख्य काम सांगितलेलें आहे, त्याच्या कामाचा दिवस कोठें संपतो? तेथें राहणें हीच ज्याची सेवा, त्याच्या राहण्यांतून उद्भवणारें प्रत्येक संकट सेवेंतूनच उद्भवलेलें असतें. हिंवताप काय, गढूळ पाण्याचा विकार काय, टपावर माणसें बसविलेल्या मोटारीचा अपघात काय, हीं सर्व त्याच्या नेमणुकीचींच अंगें होत.

कागदावर हें असें उत्तम. व्यवहारांत मात्र वाट खडतर आहे. ही भरपाई सेवा संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, म्हणजे मनुष्य घरीं आल्यावर. ज्या दलानें त्यास पाठविलें त्याच्याकडून तो तेव्हां सुटलेला असतो, आणि श्रमखात्याच्या दारीं नव्यानें उभा राहतो. तेथें त्यानें वैद्याचा लेखी दाखला आणावयाचा कीं, हा विकार परदेशांतील वास्तव्यांतूनच जडला. गांवचा वैद्य त्या विकाराचें नांव पुस्तकांतच वाचलेला असतो. शिवाय त्या खात्याकडून पैसे यावयास उशीर लागतो म्हणून कित्येक वैद्य असे रोगी घेण्यास कां कूं करतात, ही परत आलेल्या स्वयंसेवकांची जुनी तक्रार आहे. कांहीं दुखणीं तर उशिरा तोंड दाखवितात. हिंवताप होऊं नये म्हणून मेफ्लोक्विन नांवाची गोळी आठवड्यास एक याप्रमाणें अनेक वर्षें स्वयंसेवकांस दिली जात असे. तिच्यामुळें भोंवळ, भ्रम, उदासी असले मेंदूचे विकार होऊं शकतात, आणि त्यांतील कांहीं गोळी बंद केल्यावरहि टिकून राहूं शकतात, असा कडक इशारा तिच्या वेष्टनावर छापावयास अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें २०१३ सालीं लावलें. ज्यानें ती गोळी आज्ञाधारकपणें घेतली, त्यास आपल्या आजाराचें कारण राज्यानेंच दिलेल्या डबींत होतें हें राज्यास पटवून द्यावें लागणें, याहून विचित्र प्रसंग कोणता? सुधारणा झाल्या नाहींत असें नाहीं. २०११ आणि २०१८ सालीं स्वयंसेवकांच्या सुरक्षिततेसाठीं व औषधोपचारांसाठीं नवे कायदे झाले. पण पहिल्याच्या मागें बेनिन देशांत २००९ सालीं खून झालेली एक तरुण स्वयंसेविका होती, आणि दुसऱ्याच्या मागें चीनमध्यें २०१३ सालीं आजारांत दगावलेला एक तरुण होता. राज्याचें लक्ष वेधून घेण्यास जिवंत माणसाचा अर्ज अपुरा पडतो कीं काय, अशी शंका यावी.

इतकें सांगितलें कीं सुशिक्षित मंडळींतूनहि एक आक्षेप येतो. ‘त्याला कोणी बोलावलें होतें? स्वखुशीनें गेला. सैनिकास हुकूम असतो, कारकुनास पोट असतें. याला दोन्ही नव्हतीं. मग त्याचा जन्माचा भार राज्यानें कां उचलावा?’ जे जरा अध्यात्माकडे कललेले असतात ते हाच आक्षेप अधिक गोड करून मांडतात: सेवेस मोबदल्याचा स्पर्श झाला कीं ती सेवा राहत नाहीं, निष्काम कर्माचें मोल पैशांत करूं नये.

आमचें म्हणणें असें कीं, हा उपदेश भलत्याच दाराशीं येऊन उभा राहिला आहे. फळाची आशा धरूं नये, हें कर्त्यास सांगितलेलें आहे. कर्त्याच्या कामाचें फळ ज्याच्या अंगणांत पडतें त्यानें कर्त्यास तो उपदेश ऐकवावा, असें गीतेंत कोठें सांगितलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. उलट त्याच ग्रंथांत अनन्यभावानें भजणाऱ्यांचा योगक्षेम वाहण्याचें वचन आहे. आणि तें वचन भक्तानें मागून घेतलेलें नाहीं, देणारानें आपण होऊन दिलेलें आहे. ‘योगक्षेम’ या जोडशब्दाची जुनी फोडहि येथें कामास येते. न मिळालेलें मिळणें तो योग. असलेलें राखणें तें क्षेम. स्वयंसेवकानें योग सोडला आहे. त्या दोन वर्षांत जें कमावतां आलें असतें तें त्यानें मागितलेलें नाहीं, आणि तें त्यास द्यावें असें आम्हीहि म्हणत नाहीं. परंतु क्षेम त्यानें सोडलेलें नाहीं. कमाई दिली म्हणजे डोळे दिले, यकृत दिलें, पुढील चाळीस वर्षांची कमावण्याची शक्ति दिली, असा त्या दानपत्राचा अर्थ कोणी करूं लागला तर तो लबाड कुळकर्ण्याचा अर्थ होय.

आपल्याच घरांतील एक उदाहरण घ्या. जुन्या एकत्र कुटुंबांत एखादी विधवा आत्या असे. पहाटेच्या सड्यापासून रात्रींच्या विरजणापर्यंत सगळें घर तिच्या हातावर चाले. बाळंतपणें ती करी, आजाऱ्यांच्या उशाशीं ती बसे. ‘आमच्या आत्याबाईंनीं कधीं कांहीं मागितलें नाहीं,’ असें घरचे लोक पाहुण्यांस अभिमानानें सांगत. सांगत तें खरेंच असे. पण ती अंथरुणास खिळली म्हणजे वैद्याचा खर्च कोणी करावा याची भावाभावांत कुजबुज सुरू होई, आणि त्या कुजबुजींत तिच्या न मागण्याचा उपयोग एखाद्या फारखतीसारखा केला जाई. न मागणें हा तिचा मोठेपणा होता. त्याची पावती करून ती आपल्या दप्तरीं ठेवण्याचा अधिकार घरास कोणी दिला होता? राज्यें आणि संस्था याबाबतींत कुटुंबाहून फारशा निराळ्या वागत नाहींत. स्तुति जितकी मोठी तितकी देणें चुकविण्याची सोय मोठी.

महाराष्ट्रास तर हा वाद मुळींच नवा नाहीं. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें अल्प वेतनावर शिकविण्याचा पण केलेला असे. गोपाळराव गोखले ७५ रुपयांच्या वेतनावर सेवा करून १९०२ सालीं निवृत्त झाले, आणि त्यांस दरमहा ३० रुपये निवृत्तिवेतन मिळालें. (अमेरिकन दलाचा आरंभीचा आंकडाहि ७५ चाच होता, हा निव्वळ योगायोग.) त्याच संस्थेंत टिळक आणि आगरकर यांचें जें बिनसलें त्यास सामाजिक मतभेदाइतकाच हाहि प्रश्न कारण झाला: सेवकानें संस्थेबाहेर कमाई करावी कीं नाहीं, वेतनवाढ व बक्षिसी घ्यावी कीं नाहीं. टिळकांच्या डोळ्यांपुढें जेझुइट पाद्र्यांचा आदर्श होता. आगरकरांस संसारी माणसाच्या गरजा दिसत होत्या. १८९० सालीं टिळक बाहेर पडले. या वादांत कोण बरोबर, हें लोक आजहि विचारतात. आम्हांस त्यांतली निराळीच गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी वाटते. जेझुइट पाद्री स्वतःसाठीं कांहीं घेत नाहीं, कारण त्याचें आजारपण, म्हातारपण, फार काय मूठमातीहि त्याचा संघ पाहतो. त्याच्या निरिच्छतेच्या पाठीशीं एक भक्कम मठ उभा असतो. ज्यास मठ नाहीं त्यानें मठवाशासारखें निरिच्छ व्हावें असें आपण म्हणतों, तेव्हां त्याच्याकडून पाद्र्याच्या दुप्पट त्याग मागत असतों, आणि तो दुप्पट आहे हें आपल्या लक्षांतहि येत नाहीं.

असा मठ कायद्यानें बांधतां येतो, याचें आम्हांस आवडलेलें उदाहरण जर्मनीचें आहे. पश्चिम जर्मनीनें १९६९ सालीं विकाससेवकांविषयीं एक कायदा केला. विकाससेवक कोण, तर जो कमाईचा हेतु न धरतां परदेशीं सेवा करतो तो, असें त्यानें आरंभींच सांगून टाकलें. एवढी निष्काम व्याख्या करून झाल्यावर पुढें कलमामागून कलम काय येतें? तर पाठविणाऱ्या संस्थेनें त्याच्या निर्वाहाचा खर्च द्यावा, परतल्यावर बस्तान बसविण्यास साह्य करावें, आजारपणाचा विमा उतरावा. आणि त्या देशांतील विशिष्ट परिस्थितीमुळें त्याची प्रकृति बिघडली अगर तो मरण पावला तर त्याची किंवा त्याच्या माणसांची तरतूद व्हावी. निष्कामता व्याख्येंत आणि योगक्षेम कलमांत, अशी ही वांटणी आहे. यापैकीं एक दुसऱ्याच्या आड येतें असें त्या कायदेपंडितांस वाटलें नाहीं. आणि जर्मन स्वयंसेवकांचा त्याग त्यामुळें पातळ झाला, असें कोणी दाखविलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.

इंग्लंडांत व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज ही संस्था १९५८ सालीं निघाली. ती सरकारी नव्हे, पण तिला सरकारी साह्य दीर्घकाळ मिळत आलें. तिकडील एक सोय लहान असून फार समजूतदार आहे. परदेशीं गेलेल्या विकाससेवकास राष्ट्रीय विम्याची वर्गणी एका खास दरानें भरतां येते, म्हणजे म्हातारपणच्या निवृत्तिवेतनाच्या हिशेबांत ती वर्षें कोरीं राहत नाहींत. जपानच्या स्वयंसेवक योजनेंत, जी १९६५ पासून चालू आहे, चालू नोकरी न सोडतां जाऊन परत त्याच खुर्चीवर येण्याची वाट ठेवलेली आहे. असल्या सोयींचा खरा अर्थ पैशांत नाहीं. त्या नसल्या म्हणजे सेवेस कोण जातो हें पाहावें. ज्याच्या घरीं दोन वर्षांचें अंतर भरून काढणारें कोणी आहे तोच जातो. ज्याच्या बहिणीचें लग्न व्हावयाचें आहे, ज्याच्यावर शिक्षणाचें कर्ज आहे, तो मनांत असूनहि राहतो, आणि मग आपण म्हणतों कीं मध्यम स्थितींतील तरुणांत त्यागबुद्धि उरली नाहीं! अमेरिकेंत २००७ सालच्या कायद्यानें सार्वजनिक सेवेंत दहा वर्षें फेड करणाऱ्यांचें उरलेलें विद्यार्थिकर्ज माफ करण्याचें ठरलें, आणि त्यांत स्वयंसेवकाचीं वर्षें धरलीं गेलीं. सेवा ही सुखवस्तूंची मिरास राहूं नये, एवढा तरी हेतु त्यामागें दिसतो.

सवलती दिल्या म्हणजे स्वार्थी लोक शिरतील, हा आक्षेप यापेक्षां वजनदार आहे, आणि तो एका सवलतीपुरता आम्हांस बराचसा मान्य आहे. १९६३ पासून असा नियम आहे कीं, सेवा पुरी करून आलेल्यास साधारण एक वर्षपर्यंत खुल्या स्पर्धेवांचून सरकारी नोकरींत घेतां यावें. हें क्षेम नव्हे. हा योग झाला. त्यांत पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परकी भाषा बोलणारा, गैरसोयींत मुरलेला मनुष्य मिळाला तर राज्याचाच लाभ आहे, म्हणून राज्यानें तो अवश्य उचलावा. परंतु तो सौदा आहे हें मोकळ्या मनानें कबूल करावें, आणि कृतज्ञतेच्या खातीं त्याचा जमाखर्च मांडूं नये. कारण या सवलतीची गंमत अशी कीं, जो धडधाकट परतला त्यास ती उपयोगी. जो मोडून परतला त्यास कचेरीच्या पायऱ्याच चढवत नाहींत. चांगल्या चाललेल्यास अधिक देऊन पडलेल्याचें देणें फिटत नसतें. दवाखान्याचें बिल आधीं चुकतें करावें, मग खुशाल बक्षिसें वांटावीं.

शिवाय, ज्या राज्यानें निष्कामतेचा पाठ द्यावयाचा तें स्वतः कितपत निष्काम असतें? पीस कोअरच्या कायद्यानेंच तीन हेतु लिहून ठेविले आहेत: ज्या देशांस शिकलेलीं माणसें हवीं आहेत त्यांस तीं पुरविणें, त्या लोकांस अमेरिकन माणसाची नीट ओळख करून देणें, आणि अमेरिकनांस त्या लोकांची. यांतला दुसरा हेतु रशियाशीं चाललेल्या चुरशीच्या त्या वर्षांत कोणाच्या उपयोगाचा होता, हें फोडून सांगावयास नको. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. राज्य म्हटलें कीं हेतु आले. पण हेतु धरणारानें आपल्या हेतूसाठीं राबणारास ‘हेतु धरूं नको’ असें सांगून त्याच्या औषधाचे पैसे वांचवूं नयेत.

येथें कोणी विचारील कीं, पाठविणारें राज्यच नसेल तर? आपल्याकडे त्याचें थोर उदाहरण आहे. १९३८ सालीं काँग्रेसनें जपानशीं झुंजणाऱ्या चीनमध्यें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. देश परतंत्र, पथकाचा खर्च लोकवर्गणींतून. पांचांतले दोघे आपल्याकडचे: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. बाकीचे डॉ. अटल, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. कोटणीस तेथेंच राहिले, उत्तर चीनमधील बेथून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथेंच त्यांनीं लग्न केलें, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, पत्नी आणि तान्हा मुलगा मागें ठेवून वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं चित्रपट काढला. चीनमध्यें आणि सोलापुरांत त्यांचीं स्मारकें आहेत. हें सर्व योग्यच झालें. परंतु परत आलेल्या चौघांचीं नांवें आज किती घरांत न अडखळतां सांगतां येतील? जो गेला त्याचा पुतळा होतो, आणि पुतळ्यास औषध लागत नाहीं. परतणारा मनुष्य हा समाजास जरा अडचणीचाच असतो: त्यास खोकला असतो, त्यास उद्योग हवा असतो, तो तिकडची एकच गोष्ट चारदां सांगतो. पाठविणारें राज्य असो कीं वर्गणी देणारी जनता असो, निरोपाच्या दिवशीं हार घालणारे हात जितके असतात त्यांतले निम्मे जरी परतीच्या दिवशीं धक्क्यावर असते तरी पुष्कळ झालें असतें. वर्गणी देणारानेंहि पाठविलेंच ना? मग राज्य नव्हतें या सबबीनें देणें नाहींसें होत नाहीं. तें अनेकांत वांटलें जातें इतकेंच, आणि अनेकांत वांटलेलें देणें कोणीच देत नाहीं, ही त्यांतली खरी अडचण आहे.

राज्य आहे, कायदा आहे, पैसाहि आहे, अशा ठिकाणीं सुद्धां काय घडतें हें २०२० सालीं दिसून आलें. करोनाची साथ फैलावतांच त्या वर्षींच्या मार्चांत पीस कोअरनें आपले सगळे, म्हणजे सुमारें सात हजार, स्वयंसेवक साठाहून अधिक देशांतून परत बोलाविले. दलाच्या इतिहासांत असें कधीं झालें नव्हतें. कित्येकांस सामान बांधण्यास एक रात्र मिळाली असेल नसेल. घरीं आल्यावर त्यांची सेवा संपल्याचें जाहीर झालें. काम गेलें, घर नाहीं, साथीच्या दिवसांत दुसरें काम मिळण्याची आशा नाहीं. पण नियमाप्रमाणें ते बेकार नव्हते. बेकारीचा भत्ता नोकरी गेलेल्यास. हे कधीं नोकर होते? दुखावला तर नोकर, रिकामा झाला तर नोकर नव्हे, अशा दोन चौकटींच्या मधल्या फटींत हीं माणसें पडलीं. त्या वर्षीं साथीसाठीं जो खास कायदा झाला त्यांतून दलास ८ कोटी ८० लक्ष डॉलर मिळाले, आणि नेहमीच्या भत्त्यास अपात्र असणाऱ्यांसाठीं जी तात्पुरती योजना निघाली तिचा लाभ परत आलेल्या स्वयंसेवकांस घेतां येईल असा खुलासा श्रमखात्यानें केला. वेळ निभावली. मात्र ती साथीची मेहेरबानी होती, हक्क नव्हे.

आणि त्याच रात्रीं, ज्या खेड्यांतून स्वयंसेवक निघाला तेथील शाळेंत त्याच्या शेजारच्या वर्गावर शिकविणारा, त्याच दवाखान्यांत त्याच्याबरोबर तापकऱ्यांस गोळ्या देणारी, अशीं स्थानिक माणसें मागेंच राहिलीं. तेंच पाणी, तोच डांस, तीच मोटार. त्यांच्यासाठीं विमान नव्हतें, आणि सातव्या श्रेणीचें कल्पित वेतनहि कोणी धरलेलें नव्हतें. या विषमतेवरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं स्वयंसेवकाच्या सवलती ही श्रीमंत देशाची मिजास आहे. आम्ही तो काढीत नाहीं. एकास मिळतें म्हणून तें काढून घेतल्यानें दुसऱ्याची पथारी मऊ होत नाहीं. पण कल्पिताची जी युक्ति अमेरिकेच्या कायद्यास आपल्या माणसासाठीं सुचली, ती मागें राहणाऱ्या त्या परिचारिकेसाठीं तिच्या राज्यास, अगर तिच्या दवाखान्याचें काम करून घेणाऱ्या परदेशी संस्थांस, कां सुचूं नये, हें विचारावयास हरकत नाहीं. आपल्या खेड्यापाड्यांतून मानधनावर काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांनाहि ‘स्वयंसेविका’ असेंच म्हटलें जातें, तेव्हां हा प्रश्न फार दूरचा आहे असें आपण तरी समजूं नये.

ती तात्पुरती योजना सप्टेंबर २०२१ मध्यें संपली. मार्च २०२२ मध्यें पीस कोअरचे पहिले स्वयंसेवक झांबिया आणि डोमिनिकन रिपब्लिक या देशांत पुन्हां उतरले. त्यांच्या कागदांत ते सरकारचे नोकर नसल्याचें वाक्य पूर्वींप्रमाणेंच होतें.